लक्ष्मणराव किर्लोस्कर

पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कृष्णेच्या खोऱ्यात, किर्लोस्करवाडी नावाचे एक स्थानक लागते. हे गाव आज सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात मोडते. विसाव्या शतकाच्या आरंभी मात्र येथे गाव नव्हते. स्थानकाचे नाव कुंडल रोड असे होते आणि त्याच्या आसपास खडकाळ माळरान पसरलेले होते. फड्या निवडुंगाने ते इतके व्यापले होते की, माणसाला पाऊल टाकण्यास जागा मिळणे कठीण होते. निवडुंगाच्या जाळीत सापांची वस्ती होती. अशा या माळावर इ. स. १९१० मध्ये एका माणसाने शेतीच्या अवजारांचा कारखाना उभारला व त्याच्याभोवती एक टुमदार गाव वसविले. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर हे त्या पुरुषाचे नाव.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचा पाया घालणारे नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे जाणकार म्हणून ओळखले जात. मुलाने चांगले शिकावे, घराण्याला साजेल अशी नोकरी मिळवावी, अशी त्यांची स्वाभाविक इच्छा होती. परंतु लक्ष्मणरावांचे मन शाळेच्या पुस्तकांत रमत नसे. चित्रे काढणे आणि यंत्रे न्याहाळणे या दोनच गोष्टींची त्यांना विलक्षण ओढ होती.

सोळाव्या वर्षी त्यांनी मुंबईस जाऊन चित्रकला शिकण्याचे ठरविले. वडिलांना हा विचार रुचला नाही. चित्रे काढून पोट भरते, यावर त्या काळी फारसा कोणाचा विश्वास नव्हता. पण वडील बंधू रामचंद्रपंत ऊर्फ रामुअण्णा धाकट्या भावाच्या पाठीशी उभे राहिले. त्यांच्या आधारावर इ. स. १८८५ मध्ये लक्ष्मणराव मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे त्यांनी मन लावून अभ्यास केला. त्यांची रेषा ठाम होती. पाहिलेली वस्तू कागदावर हुबेहूब उतरविण्याची हातोटी त्यांना साधली होती. पण रंगकामाची वेळ आली तेव्हा एक विचित्र गोष्ट उघडकीस आली. काही रंगांमधील भेद त्यांच्या डोळ्यांना कळतच नव्हता. हा दोष पुष्कळदा जन्मतःच असतो. त्यावर औषध नसते आणि कितीही परिश्रम केले तरी तो नाहीसा होत नाही. ज्याला चित्रकार व्हायचे आहे त्याला रंगच ओळखता येऊ नयेत, यापेक्षा मोठे दुर्दैव ते कोणते? घरच्यांचा विरोध पत्करून धरलेली वाट अशी अर्ध्यावरच संपली.

एखादा दुबळ्या मनाचा तरुण या आघाताने खचून गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी मात्र आपल्याजवळ काय नाही याचा शोक करीत न बसता, काय शिल्लक आहे याचा हिशेब केला. रंग ओळखणारी दृष्टी नसली तरी रेषा काढणारा हात होता. यंत्रांच्या आराखड्यांना रंगांची गरज नसते. तेथे माप अचूक आणि रेषा स्वच्छ असावी लागते. त्यांनी यंत्रांच्या रेखाटनाचा अभ्यास सुरू केला आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत त्याच विषयाचे शिक्षक म्हणून त्यांना काम मिळाले.

शिक्षकाची नोकरी करीत असता लक्ष्मणरावांचे स्वतःचे शिक्षण थांबले नाही. ते खऱ्या अर्थाने तेथेच सुरू झाले. शिकविण्याचे काम संपले की ते शाळेच्या कर्मशाळेत जात. वाफेचे इंजिन कसे चालते, कातकामाचा चरक कसा फिरतो, लोखंड कसे ओततात व कसे कापतात, हे ते डोळ्यांनी पाहत आणि हातांनी करून शिकत. कपड्यांना तेलाचे डाग पडले, हात काळे झाले, तरी त्यांना त्याचा कमीपणा वाटत नसे. पगारातील पैसे वाचवून ते अमेरिकेतून निघणारी यंत्रविद्येची मासिके मागवीत व पुन्हा पुन्हा वाचीत.

याच सुमारास सायकल हे नवे वाहन हिंदुस्थानात येऊ लागले होते. दोन चाकांवर तोल सांभाळीत, घोड्याबैलांवाचून धावणारी ही गाडी पाहून लोक तोंडात बोट घालीत. लक्ष्मणरावांना तिचे मोठे कौतुक वाटले. पण त्यांचे कौतुक पाहण्यापुरते नव्हते. तिची साखळी, दाते, आरे आणि चाकाच्या आसातील गोळ्या यांची रचना त्यांनी बारकाईने समजून घेतली. मग रामुअण्णांच्या साहाय्याने बेळगावात सायकलींचे दुकान काढण्यात आले. इ. स. १८८८ हे किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाच्या आरंभाचे वर्ष मानले जाते. लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवीत. रामुअण्णा त्या विकीत आणि घेणाऱ्यास चालविण्यासही शिकवीत. परदेशी वस्तू नुसती विकून भागत नाही. ती वापरायला शिकवावी लागते आणि बिघडली तर दुरुस्त करून द्यावी लागते, हा धडा दोघा भावांना या छोट्या दुकानाने दिला.

मुंबईच्या नोकरीत लक्ष्मणरावांनी अनेक वर्षे निष्ठेने काम केले. परंतु बढतीची वेळ आली तेव्हा, अंगी योग्यता असूनही त्यांना डावलण्यात आले व वरची जागा दुसऱ्यास मिळाली. परकीय सत्तेच्या त्या काळात हिंदी माणसाला असा अनुभव वारंवार येत असे. लक्ष्मणरावांनी तक्रारअर्ज करण्यात वेळ दवडला नाही. त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि पुन्हा कोणाची चाकरी करावयाची नाही असा निश्चय करून ते बेळगावास परतले.

बेळगावात आता दोघे भाऊ पूर्ण वेळ उद्योगाला लागले. सायकलींच्या जोडीला त्यांनी विहिरीचे पाणी उपसणाऱ्या पवनचक्क्या विकण्याचा व उभ्या करून देण्याचा व्यवसाय केला. त्या निमित्ताने त्यांचा शेतकऱ्यांशी संबंध आला. शेतकऱ्यांच्या अडचणी त्यांनी जवळून पाहिल्या. जोंधळ्याचा कडबा गुरांपुढे अख्खा टाकला, तर गुरे पाने खातात व जाड धाटे तुडवून वाया घालवितात. तोच बारीक कापून दिला तर पुष्कळसा पोटात जातो. हे ध्यानात घेऊन लक्ष्मणरावांनी कडबा कापण्याचे यंत्र तयार केले. हे त्यांच्या कारखान्यातील आरंभीच्या वस्तूंपैकी एक होय. त्यानंतर त्यांनी आपले लक्ष नांगराकडे वळविले.

आपल्याकडचा लाकडी नांगर फार प्राचीन. गावचा सुतार तो बाभळीच्या लाकडाचा घडवी आणि लोहार त्याला लोखंडी फाळ बसवून देई. शेतकरी त्यांना वर्षाकाठी बलुत्याचे धान्य देई. रोख पैशाचा प्रश्नच येत नसे. हा नांगर जमीन फाडीत जातो, परंतु तिला उलटी करीत नाही. त्यामुळे हराळीसारख्या चिवट गवताची मुळे जमिनीतच राहतात व पाऊस पडताच पुन्हा तरारतात. कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत असा नांगर ओढण्यास बैलांच्या कित्येक जोड्या जुंपाव्या लागत. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याने शेजाऱ्यांच्या बैलांची वाट पाहावी आणि तोपर्यंत नांगरणीचे दिवस निघून जावेत, असे नेहमी घडे.

लोखंडी नांगराची करामत त्याच्या पंखात असते. पुढचा फाळ जमीन आडवी कापतो. कापलेला मातीचा पट्टा त्याच्या मागच्या वळणदार पंखावर चढतो, वळतो आणि पालथा पडतो. वरचे गवत खाली गाडले जाऊन कुजते व त्याचे खत होते. खालची माती वर येऊन उन्हात तापते. नांगराला बैल जोडण्याचीही एक रीत आहे. दांडीच्या टोकाशी असलेली कडी वरच्या भोकात अडकविली तर नांगर खोल जातो, खालच्या भोकात अडकविली तर उथळ चालतो; ती डावी-उजवीकडे सरकविली तर तासाची रुंदी कमीअधिक होते. जमीन कशी आहे, पीक कोणते घ्यावयाचे आहे, बैल किती ताकदीचे आहेत, हे पाहून नांगराचा आकार निवडावा लागतो आणि कडी बसवावी लागते. नांगर चांगला असून जोडणी चुकली, तर बैल दमतात, चालविणाऱ्याचे हात भरून येतात आणि दोष मात्र नांगराच्या माथी बसतो.

असे नांगर इंग्लंडातून येत. पण ते महाग असत आणि एखादा भाग मोडला तर तो मिळणे दुरापास्त होई. तेच काम करणारा नांगर आपल्या जमिनीसाठी व आपल्या बैलांसाठी येथेच तयार करावा, असे लक्ष्मणरावांनी ठरविले. थोड्याशा यंत्रांच्या बळावर आणि मूठभर माणसांच्या मदतीने विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी लोखंडी नांगर तयार केले.

नांगर तयार झाले, पण ते विकत घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडाने जमिनीला विष बाधते, पीक जळते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. शिवाय सुताराने बलुत्यात करून दिलेला नांगर घरी असता रोख पैसे मोजून हे नवे अवजार कोण घेणार? आणि ते मोडले तर गावात दुरुस्त कोण करणार? तयार नांगर कारखान्यात तसेच पडून राहिले. त्यांत पैसा अडकला. काम करणाऱ्यांचे पगार द्यावयाचे होते, उधारी फेडावयाची होती. एक नव्हे, दोन नव्हे, महिन्यांमागून महिने गेले. जवळजवळ दोन वर्षे नांगरांना गिऱ्हाईक मिळाले नाही.

लोक अडाणी आहेत, असे म्हणून लक्ष्मणरावांनी हात झटकले नाहीत. शेतकऱ्याचे सारे आयुष्य त्याच्या जमिनीवर अवलंबून असते. एका हंगामाचे पीक बुडाले तर त्याच्या घरची चूल विझते. म्हणून नव्या वस्तूवर तो चटकन विश्वास ठेवीत नाही, हे त्यांना कळत होते. हा संशय नुसत्या बोलण्याने जाणार नव्हता. नांगर शेतात नेऊन चालवून दाखविणे, नांगरलेल्या शेतातील पीक डोळ्यांना दिसू देणे, हाच त्यावर उपाय होता. काही धाडसी शेतकऱ्यांनी नांगर वापरून पाहिला. पीक जळले तर नाहीच, उलट हराळी हटली आणि जमीन भुसभुशीत झाली. एकाचे पाहून दुसऱ्याने नांगर नेला. हळूहळू मागणी येऊ लागली.

मागणीबरोबर तक्रारीही आल्या. फाळाचे टोक लवकर झिजते, ही त्यांतील मुख्य तक्रार होती. लक्ष्मणरावांनी ती मनावर घेतली. ओतीव लोखंड मऊ राहिले तर झिजते आणि फार कठीण झाले तर दगडाला लागून फुटते. कोणत्या प्रतीचे लोखंड घ्यावे, ते साच्यात कसे ओतावे, ते किती लवकर थंड होऊ द्यावे, या साऱ्या गोष्टींवर फाळाचा टिकाऊपणा अवलंबून असतो. लक्ष्मणरावांनी ग्रंथ पाहिले, प्रयोग केले, फसलेले फाळ पुन्हा वितळविले आणि दगडधोंड्यांना टक्कर देईल असा फाळ ओतण्याची रीत अखेर साध्य केली. एका नांगराचा भाग त्याच आकाराच्या दुसऱ्या नांगराला बिनचूक बसावा, यावर त्यांचा कटाक्ष असे. त्यामुळे झिजलेला भाग काढून नवा बसविणे हे काम शेतकरी घरच्या घरी करू शकला.

उद्योगाचे पाऊल आता कोठे स्थिरावत होते. तोच नवे संकट उभे राहिले. बेळगावात ज्या जागेवर कारखाना होता, ती जागा शहराच्या नव्या वस्तीसाठी सोडावी, असा नगरपालिकेचा हुकूम आला. यंत्रे उचलावयाची, भट्टी मोडावयाची आणि माणसे घेऊन जावयाचे. पण जावयाचे कोठे? नवी जागा घेण्याइतका पैसा जवळ नव्हता. इतक्या वर्षांचे कष्ट मातीमोल होण्याची वेळ आली.

त्या सुमारास लक्ष्मणरावांनी औंध येथे देवीच्या देवळापुढील सभामंडप बांधण्याचे काम घेतले होते. औंध हे सातारा जिल्ह्याच्या परिसरातील एक लहानसे संस्थान होते. तेथील अधिपती भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार आणि गुणग्राही होते. प्रजेने बलवान व्हावे म्हणून सूर्यनमस्कारांचा प्रसार करणारे आणि पुढे प्रजेच्या हाती राज्यकारभार सोपविणारे राजे म्हणून त्यांची ख्याती झाली. लक्ष्मणरावांची अडचण कळताच त्यांनी आपल्या संस्थानात कारखाना काढण्यास त्यांना बोलाविले. कुंडल रोड स्थानकाजवळची बत्तीस एकर जमीन त्यांनी दिली आणि वर दहा हजार रुपयांचे कर्जही दिले.

जमीन मिळाली, पण ती निवडुंगाने भरलेली ओसाड जमीन होती. तिच्यात एकच मोठा गुण होता. ती लोहमार्गाच्या अगदी कडेला होती. लोखंड आणि कोळसा आगगाडीने आणता येणार होता आणि तयार नांगर आगगाडीने दूरवर पाठविता येणार होते. लक्ष्मणरावांनी हा गुण हेरला. इ. स. १९१० मध्ये सुमारे पंचवीस कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्यासह ते या माळावर आले. आधी निवडुंग तोडावयाचा, साप मारावयाचे, पाण्याची सोय करावयाची, डोक्यावर छप्पर घालावयाचे आणि त्याच वेळी कारखान्याची भट्टीही पेटवावयाची, अशी ही कसोटी होती. मालक आणि मजूर असा भेद या कामात राहिला नाही. सर्वांनी मिळून ऊन-पाऊस सोसला. थोड्याच काळात माळावर भट्टीचा धूर दिसू लागला आणि घणांचे आवाज घुमू लागले.

रामुअण्णांनी नव्या गावाच्या उभारणीचा भार आपल्या शिरावर घेतला. कारखाना म्हटला की त्याच्याभोवती दाट, घाणेरडी वस्ती असायचीच, असे त्या काळी सर्वत्र चित्र होते. किर्लोस्करवाडीत तसे झाले नाही. येथे रस्ते आखून घरे बांधली गेली, झाडे लावली गेली, शाळा निघाली, पिण्याच्या पाण्याची व्यवस्था झाली. भारतातील आरंभीच्या औद्योगिक वसाहतींमध्ये या गावाची गणना होते.

माणसे पारखण्याची लक्ष्मणरावांची हातोटी विलक्षण होती. कोणाजवळ कोणती पदवी आहे, कोण कोणत्या जातीचा आहे, हे ते पाहत नसत; त्याच्या हातात काय कसब आहे आणि मनात किती उमेद आहे, हेच पाहत. शाळा अर्धवट सोडलेले अनंतराव फळणीकर त्यांच्याकडे आले आणि कल्पक यंत्रज्ञ बनले. मंगेशराव रेगे यांनी हिशेबाची बाजू निष्ठेने सांभाळली. शंभुराव जांभेकरांसारखे सहकारी कारखान्याचे आधारस्तंभ ठरले. आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांच्या मुलांनी येथे येऊन यंत्रे चालविण्याचे शिक्षण घेतले. दरोडेखोरीबद्दल शिक्षा भोगून आलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी रात्रीच्या पहाऱ्याचे काम दिले आणि त्या माणसांनी हा विश्वास सार्थ केला. अस्पृश्यता त्यांना मुळीच मान्य नव्हती. ज्या काळात गावागावांत शिवाशिव कसोशीने पाळली जात असे, त्या काळात त्यांनी आपल्या वसाहतीत तिला थारा दिला नाही.

इ. स. १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. परदेशी नांगर येणे थांबले, त्यामुळे किर्लोस्करांच्या नांगरांना मोठी मागणी आली. पण त्याच वेळी विलायतेहून येणारे लोखंडही मिळेनासे झाले. मागणी आहे, कामगार आहेत, भट्टी आहे, पण भट्टीत टाकण्यास लोखंड नाही, अशी कोंडी झाली. तेव्हा कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्या साहाय्याने संस्थानातील जुन्या निकामी तोफा कारखान्याला मिळाल्या. एके काळी रणांगणावर आग ओकणाऱ्या त्या तोफा भट्टीत वितळल्या आणि त्यांच्यापासून शेते पिकविणारे फाळ तयार झाले. कारखाना तगला आणि शेतकऱ्यांची निकडही भागली.

युद्धानंतर उद्योगाचा व्याप वाढला. इ. स. १९२० मध्ये किर्लोस्कर बंधूंच्या व्यवसायाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. नांगरांच्या जोडीला उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे आणि पाणी उपसण्याचे पंप तयार होऊ लागले. पूर्वी उसाचा रस काढण्यास लाकडी घाणे असत. त्यांतून बराचसा रस चोथ्यातच राहून जाई. लोखंडी चरकाने तो वाया जाईनासा झाला. विहिरीवर दिवसभर मोट ओढणाऱ्या बैलांचे कष्ट पंपाने वाचविले. शेतकऱ्याला रोज जी अडचण भासते तिच्यातून नवे यंत्र शोधावयाचे, ही लक्ष्मणरावांची पद्धत शेवटपर्यंत कायम राहिली.

याच वर्षी त्यांचे पुतणे शंकरराव यांनी कारखान्याची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचविण्यासाठी एक पत्रिका सुरू केली. तिच्यातूनच पुढे ‘किर्लोस्कर’ हे नामांकित मासिक आकारास आले. नव्या विचारांचे वारे त्याने मराठी घराघरांत नेले. ‘स्त्री’ आणि ‘मनोहर’ ही मासिकेही पुढे याच वाडीतून निघाली. नांगर आणि छापखाना, दोन्हींची मशागत एका माळावर झाली, ही महाराष्ट्राच्या इतिहासातील अपूर्व गोष्ट म्हणावी लागेल.

लक्ष्मणरावांचे पुत्र शंतनुराव अमेरिकेत यंत्रविद्या शिकून इ. स. १९२६ मध्ये परत आले आणि वडिलांच्या कामात सहभागी झाले. पुढील पिढीने किर्लोस्करवाडीबाहेरही कारखाने काढले. इ. स. १९४१ मध्ये हरिहर येथे आणि १९४६ मध्ये पुणे व बंगलोर येथे नवे उद्योग उभे राहिले. आपण लावलेल्या रोपट्याचा असा विस्तार लक्ष्मणरावांना डोळ्यांनी पाहावयास मिळाला. स्वतः त्यांची राहणी अखेरपर्यंत साधीच होती. कारखान्यातून फिरताना एखादा बारीकसा आवाज कानी आला तरी यंत्राचा कोणता भाग बिघडला आहे, हे ते ओळखीत.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या सत्त्याऐंशीव्या वर्षी, लक्ष्मणरावांचे निधन झाले. इ. स. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले.

आज बैलांच्या नांगराची जागा पुष्कळ ठिकाणी ट्रॅक्टरने घेतली आहे; पण ट्रॅक्टरमागे चालणाऱ्या लोखंडी नांगराचा फाळही जमीन तशीच कापतो आणि पंख माती तशीच पालथी घालतो. किर्लोस्करवाडीचा कारखाना चालू आहे आणि तेथील पंप दूरदूरच्या देशांत जातात. रंग ओळखता येत नाहीत म्हणून चित्रकलेची वाट बंद झालेल्या एका तरुणाने निवडुंगाच्या माळावर हे सारे उभे केले. त्याने अडचणींपुढे हात टेकले नाहीत आणि ज्यांच्यासाठी काम करावयाचे त्या शेतकऱ्यांवर कधी राग धरला नाही. सातारा-सांगलीच्या भूमीत उद्योगाचे बीज रुजले, ते या चिकाटीमुळे आणि माणुसकीमुळे.